जुगाड म्हणू नका

परवा मामांचा फोन आला. होडी तळ्यावर न्यायला मी घरी बनवलेल्या ट्रेलरचे फोटो त्यांना पाठवले होते. मामा एकदम खूष! "वा रे पठ्ठ्या! अमेरिकेत जाऊन शेवटी जुगाड केलासच!"

कौतुकच होतं ते, पण मला लागलं.

जुगाड या शब्दाचे आपण नको इतके लाड करतो. फळीला दोरी बांधून कपाट केलं तर करा बापडे, पडलं तर आपल्याच डोक्यात पडेल. ट्रेलरचं तसं नाही. तो सुटला तर माझ्या गाडीला काही होत नाही, मागून येणाऱ्याचा जीव जातो. म्हणजे पैसे मी वाचवायचे आणि ते फेडायचे त्याने!

माझी होडी १४ फुटांची, ॲल्युमिनियमची. मोटर आणि ट्रेलर धरून सगळं वजन ७०० पौंडांच्या आसपास. त्यातलं साधारण १० टक्के पुढच्या दांड्यावर, म्हणजे गाडीच्या हुकावर यायला हवं. कमी आलं तर वेगात ट्रेलरची शेपटी सापासारखी वळवळायला लागते. मी दांड्याखाली बाथरूममधला वजनकाटा ठेवला. भरले जेमतेम २० पौंड! दिसायला सगळं झकास होतं हो. पण ॲक्सल सोडवून ९ इंच मागे घेतला, तेव्हा कुठे काटा सत्तरीजवळ आला. एक आख्खा रविवार गेला. नोंदणीच्या वेळी हे वजन मला कुणीही विचारलं नाही, हेही सांगतो. सुरक्षेच्या दोन साखळ्या दांड्याखालून एकमेकींवर फुलीसारख्या घेतल्या; हूक निसटलाच तर दांडा रस्त्यावर न आपटता त्या झोळीत अडकतो. याला जुगाड म्हणायचं?

आता तुम्ही म्हणाल, तिकडे बसून शहाणपणा शिकवणं सोपं आहे. इथे शेतकऱ्याला हे कुठलं परवडायला? मान्य. पण उसाच्या हंगामात रात्री रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रॉल्या आठवा. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, ऊस बाहेर आलेला, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. ट्रॅक्टरवर मोठ्ठा स्पीकर मात्र असतो! रिफ्लेक्टरची पट्टी त्या स्पीकरपेक्षा महाग नसते. तेव्हा गरिबीचं कारण पुढे करू नका. "चालतंय की" हेच खरं कारण.

अशाच एका ट्रॉलीवर मामांची मोटरसायकल मागून आदळली होती. त्यांच्या उजव्या पायात अजून रॉड आहे. आणि त्यांनीच जुगाड म्हणावं?

मामा, रागावू नका. पण मागचे दिवे मी दोनदा तपासले ते पोलिसांच्या भीतीने नाही, तुमचा पाय आठवला म्हणून.

असो. पुढच्या वेळी होडीचे फोटो टाकेन.