मैदान आधी, इमारत मागून

2022 साली महाराष्ट्र सरकारने तालुका क्रीडा संकुलाच्या अनुदानाची मर्यादा 1 कोटीवरून 5 कोटी रुपयांवर नेली. हे ऐकून पुष्कळांस आनंद झाला, आम्हांसही झाला. परंतु पाच कोटी म्हटल्याबरोबर कोणाच्या तोंडाला आधी पाणी सुटते, हे आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंनी ओळखून असावे. पोरांना हवे मैदान, कंत्राटदाराला हवी इमारत. मोकळ्या मैदानात सिमेंट फारसे जिरत नाही, म्हणून त्यात कोणाचा जीव रमत नाही. मग पुष्कळ ठिकाणी उभे काय राहते? एक कमान, कमानीवर पुढाऱ्यांची नावे, नावांखाली फाटक आणि फाटकाला कुलूप. आत गवत कमरेएवढे वाढलेले.

आणि त्याच वेळी आमची पोरे कोठे असतात? पोलीस भरतीसाठी मुलाला 1600 मीटर आणि मुलीला 800 मीटर धावावे लागते. ही धाव गावात कोठे काढावी? पहाटे अंधारात, हमरस्त्याच्या कडेने, मागून येणाऱ्या मालमोटारीच्या उजेडात. घरी आईचा जीव टांगणीला आणि बापाने उधारीवर घेतलेले बूट पोराच्या पायात. वाहनाने उडविल्याची बातमी आली म्हणजे चार दिवस हळहळ होते, आणि पाचव्या दिवशी गावातली दुसरी पोरे त्याच डांबरी रस्त्यावर धावू लागतात. क्रीडांगण हा आमच्याकडे चैनीचा विषय नाही, तो असा भाकरीचा विषय आहे.

कोणी म्हणेल, दिवसभर नांगरामागे, मागावर किंवा भात्यापुढे राबणाऱ्याला आणखी व्यायाम कशाला? हा प्रश्न आमच्यातलेच वडीलधारे विचारतात, म्हणून त्याचा राग नाही. पण काम आणि खेळ एक नव्हे. काम शरीराला एका अंगाने वाकविते आणि मालकाच्या वेळेवर चालते; खेळात पोर स्वतःच्या मर्जीचे असते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव शेतकऱ्याच्या घरातले. 1952 साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या नावाने कबूल झालेले कुस्ती संकुल वर्षानुवर्षे उभे राहिले नाही, म्हणून 2017 साली त्यांच्या चिरंजिवांना पदक लिलावात काढण्याचा इशारा द्यावा लागला. पदक मिळविणाऱ्याच्या गावची ही दशा, मग बाकीच्या गावांनी घोषणेवर किती विसंबावे?

दुसरी एक गोष्ट आमच्या मुलांना ठाऊक असावी. पाळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात ते महिना 4 रुपयांवर मैदानाची राखण करीत. रोलर फिरवीत, जाळी लावीत आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकीत. पुढे हिंदूंच्या संघाला त्यांच्या गोलंदाजीवाचून चालेना, तेव्हा त्यांना खेळावयास घेतले. चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. 1911 च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी 114 बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते 1923 साली त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांच्याकडे आले. मैदान ज्याने सपाट केले त्यालाच त्यावर हक्काची जागा नसते, हा रोग जुना आहे. म्हणून नवे मैदान आखताना पहिला प्रश्न असा की, ते गावाच्या कोणत्या अंगाला असावे? पाटलाच्या वाड्यामागे, की सर्व वस्त्यांतील पोरांना कोणाच्या अंगणातून न जाता येता येईल अशा ठिकाणी? कागदावर 'सर्वांसाठी खुले' लिहिणे सोपे असते. वाट कोणाच्या दारावरून जाते ते पाहावे.

आता हिशेब गुंठ्यांत करू, कारण तो आम्हांला समजतो. कबड्डीचे मैदान 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद, म्हणजे सव्वा गुंठ्याच्या आसपास. खो-खोचे 27 बाय 16, म्हणजे सव्वाचार गुंठे. व्हॉलीबॉलला 18 बाय 9, दीड गुंठ्याहून थोडे अधिक. भोवतीची मोकळी जागा आणि तालमीचा लाल मातीचा हौद धरूनही हे सारे अर्ध्या एकरात सुखाने मावते. जागा लागते ती धावण्याला. 400 मीटरची पुरी धाव आखावयाची तर चार एकरांवर जमीन हवी. नसेल तर 200 मीटरची दीड एकरात बसते, आणि भरतीच्या पोराने आठ फेऱ्या माराव्यात. यासाठी पाच कोटी लागत नाहीत. काळी चिकणमाती वरून काढून मुरूम टाकावा, एका बाजूला किंचित उतार ठेवून पाणी चरात काढावे. मैदाने उत्तर-दक्षिण लांब आखावीत, म्हणजे सकाळ-संध्याकाळचा सूर्य खेळणाऱ्याच्या डोळ्यांत जात नाही. कडेने वड, कडुनिंब, चिंच लावावी. सावलीत म्हातारी माणसे बसतील, लहान पोरांचे झोके टांगता येतील. ते लोखंडी रंगीत ओपन जिमचे सांगाडे मात्र थोडे बेतानेच घ्यावेत. वर्षात बोल्ट निघतात, आणि दुरुस्तीचा पैसा कोणत्याच अंदाजपत्रकात नसतो.

जमिनीचा प्रश्न नाजूक आहे. बहुतेकांची नजर गायरानाकडे जाते. गायरान ही सरकारी जमीन, ग्रामपंचायतीची खासगी इस्टेट नव्हे. महसूल अधिनियम 1966 प्रमाणे सार्वजनिक कामासाठी जमीन राखून ठेवणे जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती आहे. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरील बेकायदा कब्जे हटविण्यास सांगितले, ते योग्यच झाले. पण अतिक्रमण काढण्याची वेळ आली की आधी हात कोणावर पडतो? भूमिहीनाच्या अर्ध्या एकरावर. आणि ज्याने गुपचूप बांध सरकवून चार एकर ओढले, तो मैदान समितीचा अध्यक्ष! असल्या मैदानावर आमची पोरे खेळू नयेत असेच आम्ही म्हणू. आधी मोठ्याचा बांध मोजावा.

मुलींचे काय? 2009 च्या बाल शिक्षण हक्क कायद्याने शाळेला खेळाचे मैदान आवश्यक ठरविले आहे, तरी शाळा सुटली की ते मैदान मुलांचे होते आणि मुली घरी पाण्याला जातात. नकाशात स्वच्छतागृह, दिवा आणि मुलींच्या सरावाची ठरलेली वेळ नसेल तर अर्धे गाव मैदानाबाहेर राहिले असे समजावे. दिवा असावा तो फाटकाशी नव्हे, वाटेवर.

राहता राहिली राखण. गावकीतून एक माणूस, शक्यतो एखादा म्हातारा वस्ताद, पगारावर ठेवावा. फुकट सेवेची भाषा करू नये, कारण फुकट राबण्याची पाळी नेहमी एकाच वस्तीवर येते. त्याचा पगार कोठून येणार ते इमारतीच्या अंदाजपत्रकाआधी ठरवावे. येत्या ग्रामसभेत कोणी रंगीत नकाशा भिंतीवर लावला तर त्यातील हिरवा रंग पाहून भुलू नका. उठून विचारा, किल्ली कोणाजवळ राहणार आणि तो पहाटे पाच वाजता येणार का? मिळालेले उत्तर इतिवृत्तात लिहावयास लावा, मोठ्याने वाचून घ्या, आणि मगच सही किंवा अंगठा करा.