चिठ्ठी आहे, दुकान कोठें?

तरुणांच्या मनाचें आरोग्य हा विषय हल्लीं आमच्या सुशिक्षित समाजांत वारंवार चर्चिला जातो. परंतु त्या चर्चेचा शेवट बहुधा दोहोंपैकीं एका वाक्यानें होतो. एक पक्ष म्हणतो, ‘मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या.’ दुसरा म्हणतो, ‘हीं सारीं परदेशी थेरें आहेत, आमच्याकडे कुटुंब, कीर्तन आणि तालीम होती तोंवर असलीं दुखणीं कोणास ठाऊक नव्हतीं.’ दोन्ही पक्षांचें समाधान होतें आणि मुलगा होता तेथेंच राहतो. या दोन्ही मतांचा समाचार घेणें आम्हांस अवश्य वाटतें.

इंग्लंडांत अलीकडे एक तिसरा मार्ग रूढ झाला आहे. त्यास तेथें ‘सोशल प्रिस्क्रायबिंग’ म्हणतात. आम्ही त्यास ‘सामाजिक चिठ्ठी’ म्हणूं. एकटेपणा, बेकारी, कर्ज किंवा शोक यांनीं खचलेला माणूस डॉक्टरकडे आला, तर डॉक्टर त्यास गोळीऐवजीं अथवा गोळीबरोबर एका सेवकाकडे पाठवितो. हा सेवक त्याची हकीकत निवांतपणें ऐकतो आणि त्यास बागकामाच्या मंडळांत, गायनाच्या वर्गांत, खेळाच्या संघांत किंवा कर्जाविषयीं सल्ला देणाऱ्या संस्थेंत नेऊन पोंचवितो. जानेवारी २०१९ मध्यें तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवेनें असे हजारांहून अधिक सेवक नेमण्याचा संकल्प जाहीर केला. २०२२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनेंही या पद्धतीची मार्गदर्शिका काढली. तरुणांना हिचा गुण कितपत येतो, याचा पुरावा अद्याप थोडा आहे. परंतु तिच्यामागील तत्त्व खोटें नाहीं. माणसाच्या दुःखाचें मूळ पुष्कळ वेळां त्याच्या रोजच्या दिवसांत असतें, आणि तो दिवस बदलल्यावांचून दुःख हलत नाहीं.

हें तत्त्व आतां बीड जिल्ह्यांत, केज तालुक्यांतील युसूफ वडगांव या गांवीं नेऊन पाहूं. या जिल्ह्यांतून दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास लाखों माणसें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात, आणि पाडव्याच्या आगेमागें परततात. समजा, अशा एका घरांतील सतरा वर्षांचा मुलगा आजीपाशीं मागें राहिला आहे. आईबाप कोयता घेऊन गेले आहेत, मुकादमाची उचल अंगावर आहे, बारावीचा अभ्यास डोक्यांत शिरत नाहीं, रात्रीं झोंप येत नाहीं. समजा, त्यास पंधरा वर्षांची बहीण आहे, आणि तिच्या लग्नाचें बोलणें आतांच चाललें आहे. या दोघांस कोणती चिठ्ठी द्यावी?

डॉक्टरांकडे बोट दाखविणाऱ्यांचें म्हणणें अर्धें खरें आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणांत तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांपैकीं शेंकडा सातांहून अधिकांस मनोविकार आढळले. शेजारच्या अंबाजोगाईस सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०१७ च्या कायद्यानें मानसिक उपचार हा नागरिकाचा हक्क ठरविला आहे. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानसची सेवा मोफत मिळते. ज्यास जीव नकोसा झाला आहे, त्यास प्रथम या मार्गानेंच नेलें पाहिजे. त्याला भजनास धाडून स्वस्थ बसणें हा अपराध होय. परंतु मुकादमाची उचल कोणत्याही गोळीनें फिटत नाहीं, आणि मुलीचें लग्न झोंपेच्या औषधानें थांबत नाहीं.

‘आमच्याकडे सर्व कांहीं होतें’ असें म्हणणाऱ्यांस आमचा प्रश्न असा कीं, तें कोणाकरितां होतें? तालमींत त्या बहिणीस कोण घेत होतें? कीर्तनाच्या मंडपांत कांहीं जातींच्या माणसांना कोठें बसावें लागे? मनानें आजारी झालेल्यांस घराच्या माजघरांत कोंडून अथवा देवऋष्याच्या हवालीं करून आम्ही ‘आजारच नव्हता’ असें म्हणत आलों. आणि कुटुंबाविषयीं बोलावयाचें, तर जें कुटुंब सहा महिने फडावर आहे त्याच्या छायेंत मुलास ठेवा, हा उपदेश नव्हे. ही थट्टा आहे.

तर मग सामाजिक चिठ्ठी आमच्याकडे चालेल काय? ती चालते, असें दाखविणारा अनुभव महाराष्ट्रांतच आहे. ‘आत्मीयता’ या उपक्रमांत २०१३ ते २०१५ या काळांत नाशिक जिल्ह्यांतील ४१ गांवांत गांवचेच विश्वासू स्त्री-पुरुष निवडून त्यांस ऐकण्याचें व धीर देण्याचें शिक्षण दिलें गेलें. ते खचलेल्या माणसाकडे पुन्हां पुन्हां जात, त्यास सरकारी योजनांचा लाभ मिळवून देत, आणि दुखणें बळावलेलें दिसल्यास डॉक्टरकडे नेत. पुढें गुजरातेंतील मेहसाणा जिल्ह्यांत हेंच काम मोठ्या प्रमाणावर झालें. तें केवळ तरुणांसाठीं नव्हतें. पण गांवचा माणूस हा दुवा होऊं शकतो, एवढें त्यावरून सिद्ध होतें.

आमची खरी भीति निराळी आहे. ही चिठ्ठी स्वस्त आहे, म्हणूनच ती राज्यकर्त्यांस आवडेल. ज्या इंग्लंडचा दाखला दिला जातो, तेथेंच २०१० नंतर स्थानिक संस्थांनीं तरुणांच्या मंडळांवरील खर्च निर्दयपणें कापला आणि शेंकडों मंडळें बंद पडलीं. एका हातानें मंडळ बंद करावयाचें आणि दुसऱ्या हातानें मंडळांत जाण्याची चिठ्ठी लिहावयाची, हा कारभार आम्हांस नको. दुकानांत माल नसेल, तर चिठ्ठी हा कागदाचा कपटाच.

माल म्हणजे काय, तेंही सांगतों. संध्याकाळीं दिवा लागलेलें व उघडें असलेलें वाचनालय. मुलींनाही निर्धास्त खेळतां येईल असें मैदान. आईबाप परत येईपर्यंत पोटभर जेवण देणारें हंगामी वसतिगृह. आणि ज्याला किंवा जिला या कामाबद्दल नियमित वेतन मिळतें असें एक शिकलेलें माणूस. यांपैकीं एकही गोष्ट दुर्मिळ नाहीं; परंतु त्या सर्व एकाच गांवीं, एकाच वेळीं, वर्षभर चालूं ठेवणें हें मात्र दुर्मिळ आहे.

या मासिकाच्या वाचकांपैकीं कित्येकांचीं मूळ घरें अशाच गांवीं आहेत. पुण्यांत वा संभाजीनगरांत आपल्या मुलांस चित्रकला, पोहणें आणि गिर्यारोहण यांचे वर्ग आपण पैसे मोजून लावितों. तीही सामाजिक चिठ्ठीच आहे. फक्त ती आपण आपल्याच मुलांस लिहून देतों. वाचनालयाच्या एका सेवकाचें वर्षाचें वेतन आपल्यापैकीं दहा कुटुंबांस जड नाहीं, आणि वसतिगृह वेळेवर कां उघडलें नाहीं असा जाब जिल्हा परिषदेस विचारण्यास तर पैसाही लागत नाहीं. तो जाब पुढच्या दिवाळीपूर्वीं विचारला पाहिजे. बैलगाड्या व ट्रक गांवाबाहेर पडल्यावर विचारून उपयोग नाहीं.