अनुकरण कशाचे? खांबांचे की स्वाभिमानाचे?

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील धनज असो की वऱ्हाडातील दुसरे एखादे वाढते गाव, सुबत्ता आली की ती प्रथम घराच्या दर्शनी भागात प्रकट होते. अलीकडे या दर्शनी भागाला एक ठरावीक साज चढू लागला आहे. उभ्या पन्हळी पाडलेले दोन-चार गोल खांब, माथ्यावर प्लास्टरच्या पानांची नक्षी आणि त्यावर त्रिकोणी कपाळपट्टी. गवंडी त्यांना ‘रोमन खांब’ म्हणतात. मंगल कार्यालयांनाही त्यांचा मोह पडला आहे. स्वकष्टाच्या पैशातून कोणी कसे घर बांधावे, हा ज्याचा त्याचा प्रश्न. परंतु हे खांब कोठून आले आणि त्यांच्यामागे कोणती प्रेरणा होती, याचा शोध घेतला तर आपल्या समाजाने अंतर्मुख व्हावे असे बरेच काही हाती लागते.

अठराव्या शतकात युरोपला आपल्या पूर्वजांची नव्याने ओळख पटली. १७३८ साली हर्क्युलेनियम आणि १७४८ साली पॉम्पेई या ज्वालामुखीने गाडलेल्या रोमन नगरांचे उत्खनन सुरू झाले. जर्मन विद्वान विंकेलमान याने १७६४ साली प्राचीन कलेचा इतिहास लिहून ग्रीक शिल्पाला आदर्शाचे स्थान दिले. स्टुअर्ट आणि रेव्हेट हे दोन इंग्रज १७५१ साली अथेन्सला गेले. भग्न मंदिरांपुढे त्यांनी केवळ उसासे टाकले नाहीत. शिड्या लावून प्रत्येक खांबाची, प्रत्येक कंगोऱ्याची मापे घेतली आणि १७६२ साली त्या रेखाटनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यानंतर युरोपभर जी वास्तुशैली बहरली, तिला नव-अभिजात शैली म्हणतात. पॅरिसचे पँथिऑन, लंडनचे ब्रिटिश म्युझियम ही तिची ठळक उदाहरणे. बर्लिनची ब्रँडेनबुर्ग वेस १७९१ साली पूर्ण झाली, ती अथेन्सच्या अक्रोपोलिसच्या प्रवेशद्वारावर बेतलेली. बव्हेरियाच्या राजाने तर जर्मन थोर पुरुषांच्या स्मरणार्थ डॅन्यूबकाठच्या टेकडीवर पार्थेनॉनच्या धर्तीचे स्मारकमंदिरच उभारले.

ख्रिस्ती धर्म स्वीकारून चौदा शतके लोटलेला हा समाज. ज्या देवतांची ती मंदिरे होती, त्यांची पूजा केव्हाच थांबली होती. तरीही त्या मंदिरांच्या रूपात आपले न्यायालय, ग्रंथालय, विद्यापीठ, इतकेच नव्हे तर चर्चही उभारण्यात त्यांना संकोच वाटला नाही. या परतीला कोणी प्रतिगामी म्हटले नाही. उलट प्रबोधनयुगाची अभिरुची म्हणून तिचा गौरव झाला. आपल्याकडे मात्र प्राचीन वास्तुविद्येचे नाव काढताच ‘पुनरुज्जीवनवादी’ असा शिक्का मारण्यास एक बुद्धिजीवी वर्ग सदैव सज्ज असतो. एकाच कृतीला दोन मोजमापे का, याचे उत्तर त्याने कधीतरी द्यावे.

ही शैली महाराष्ट्रात आली ती राज्यकर्त्यांबरोबर. मुंबईचा टाऊन हॉल १८३३ साली पूर्ण झाला. कर्नल थॉमस कूपर याने त्याचा आराखडा केला. उंच पायऱ्या, त्यावर ग्रीक डोरिक खांबांची रांग. पायऱ्या चढणाऱ्याला आपण कोणाच्या अमलाखाली आहोत हे न सांगता कळावे, अशी ती योजना. याच वास्तूत एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे. त्याच ग्रंथालयाशी भारतरत्न पां. वा. काणे आणि दुर्गाबाई भागवत यांच्या ज्ञानसाधनेचे नाते जडले. त्यामुळे ती वास्तू आज आपलीच आहे आणि तिचे जतन झालेच पाहिजे. प्रश्न तिच्या खांबांचा नाही. इंग्रज परमुलखातही स्वतःच्या पूर्वजांचे रूप घेऊन उभा राहिला. आपण स्वतःच्या अंगणात कोणाचे रूप घेऊन उभे आहोत, हा खरा प्रश्न आहे.

वऱ्हाड या बाबतीत दरिद्री नाही. आजचे वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. याच शाखेचा राजा हरिषेण याचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात लोणारला दैत्यसूदनाचे मंदिर आहे. ज्यांना आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो, त्या मंदिरांचे चिरे चुन्याविना एकमेकांत बसविलेले असतात. पार्थेनॉनही चुन्याविनाच उभे आहे! या मंदिरांचा खांब पाहावा: तळाशी चौकोनी, मध्ये अष्टकोनी, वर वर्तुळाकार आणि माथ्यावर छत पेलणारे कीचक. रोमनांचा व्हिट्रुव्हियस तसा आपला ‘समरांगण सूत्रधार’ लिहिणारा राजा भोज. धनजकरांना फार दूर जायलाही नको. कारंजा शहराच्या जुन्या वेशी त्यांच्या तालुक्याच्या ठिकाणीच आहेत. बर्लिनची वेस पाहण्यासाठी जग लोटते. आपल्या वेशीखालून आपण मान वर न करता जातो.

येथे दोष इतरांवर ढकलून चालणार नाही. आक्रमणांत जे वाचले, ते आपल्या अनास्थेत आणि कित्येकदा अविचारी भक्तीत नष्ट होत आहे. कोरीव चिऱ्यांवर ऑइलपेंट चढविणे, गर्भगृहाला स्नानगृहाच्या फरशा लावणे, जुने देऊळ पाडून सिमेंटचे उभारणे, या साऱ्याला आपण ‘जीर्णोद्धार’ असे पवित्र नाव देतो. अहिल्यादेवींनी काशीपासून सोमनाथपर्यंत जो जीर्णोद्धार केला, त्या शब्दाची ही विटंबना आहे.

परंपरा जिवंत राहू शकते, याचा पुरावाही समोर आहे. सोमनाथच्या नव्या मंदिराची प्राणप्रतिष्ठा ११ मे १९५१ रोजी झाली. त्याचे स्थपती प्रभाशंकर सोमपुरा. २२ जानेवारी २०२४ रोजी अयोध्येत रामलला विराजमान झाले. त्या नागर शैलीतील मंदिराचे स्थपती प्रभाशंकरांचे नातू चंद्रकांत सोमपुरा. ज्ञान घराण्यात टिकले म्हणून राष्ट्राच्या कामी आले.

मात्र एक अयोध्या उभी राहिली म्हणून गावोगावच्या देवळांची जबाबदारी संपत नाही. १८६८ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी अंबरनाथच्या शिवमंदिराची रेखाटने आणि साचे तयार केले होते. दीडशे वर्षांपूर्वी जे साधले, ते आज प्रत्येक हाती कॅमेरा असताना अशक्य नसावे. प्रत्येक गावातील तरुणांनी एक जुनी वास्तू निवडावी. तिची मापे घ्यावीत, छायाचित्रे काढावीत, विखुरलेल्या मूर्तींची आणि चिऱ्यांची नोंद करावी आणि ती ग्रामसभेपुढे मांडून पुरातत्त्व विभागाकडे पाठवावी. दुरुस्तीचा पहिला हात जाणकाराचा असावा, उत्साही वर्गणीदाराचा नव्हे.

युरोपकडून घ्यायचेच असेल तर स्टुअर्ट-रेव्हेटची मोजपट्टी घ्यावी. प्लास्टरचे खांब चार पावसाळ्यांत पोपडे धरतात. वेशीतला चिरा शतकानुशतके उभा आहे. त्याला आधार हवा तो त्याच्याच वारसांचा.