चषक मोठा की खेळाडू?

कोल्हापूरच्या माणसाला हार मानवत नाही. पेठेपेठेतून तालमी, तालमीतालमीतून ईर्ष्या आणि त्या ईर्ष्येच्या बळावर उभा राहिलेला खेळ, ही आपल्या करवीरनगरीची जुनी ओळख आहे. शाहू स्टेडियमवर शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांचे संघ समोरासमोर आले, की त्या दिवशी गावात दुसरा विषय नसतो. या ईर्ष्येला नावे ठेवण्यासाठी मी लेखणी हाती घेतलेली नाही. ती नसती तर इथला फुटबॉल इतकी वर्षे जगलाच नसता. माझा प्रश्न वेगळा आहे. मोठ्यांच्या मैदानात शोभणारी ही ईर्ष्या बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या मैदानात जशीच्या तशी उतरवावी काय?

आपल्या शालेय क्रीडास्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा गटांत होतात आणि सांघिक खेळांत त्या बहुधा बाद पद्धतीने खेळवल्या जातात. हरला तो घरी. याचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. ३२ शाळांचे संघ उतरले, तर १६ संघ पहिल्याच सामन्यानंतर घरी जातात आणि २४ संघांना दोनहून अधिक सामने मिळत नाहीत. म्हणजे वर्षभर सकाळी उठून सराव करणाऱ्या निम्म्या मुलांची स्पर्धा तासाभरात संपते. ज्या संघाला खेळण्याची सर्वांत अधिक गरज, त्याच्याच वाट्याला सर्वांत कमी खेळ! शिक्षणात आपण असे कधी करू काय? पहिल्या चाचणीत मागे पडलेल्या विद्यार्थ्याला वर्षभर वर्गात येऊ नकोस, असे कोणते गुरुजी सांगतील?

एकाच सामन्यावर सारे अवलंबून असले, की क्रीडाशिक्षकाचाही नाइलाज होतो. तो अंगापिंडाने थोराड मुले निवडतो, चेंडू लांब टोलवा आणि पळा असे सांगतो आणि नवख्या मुलांना बाकावर बसवतो. ही मुले संघाबरोबर जातात, पाण्याच्या बाटल्या भरतात, टाळ्या वाजवतात आणि मैदानात पाय न ठेवता परत येतात. दहावीचे वर्ष आले की त्यांचा खेळ सुटतो. तो सुटला याची कोठेही नोंद होत नाही, कारण शाळेच्या कपाटात चषक तेवढे मांडले जातात.

शिवाय थोराड मुलगा म्हणजे गुणी खेळाडू, हे समीकरणच मुळात खोटे आहे. तेरा वर्षांच्या दोन मुलांच्या शरीराची वाढ सारखी नसते. एकाला मिसरूड फुटलेली असते, तर दुसरा अजून पोरसवदा असतो. कॅनडात बर्फावरील हॉकीचे वेड आपल्या फुटबॉलपेक्षाही मोठे आहे. तेथे १९८० च्या दशकात रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नामांकित खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या, तेव्हा वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांची संख्या फार मोठी आढळली. कारण साधे होते. वयोगट १ जानेवारीपासून मोजला जाई. जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असे, म्हणून तो निवडला जाई आणि निवडला गेल्यामुळे अधिक शिके. लहान वयात केवळ जिंकण्यासाठी निवड केली, तर आपण गुण निवडत नाही, वाढदिवस निवडतो. आणि आपल्याकडे तर वाढदिवसाचाही भरवसा नाही. शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख असलेली किती माणसे आपल्या ओळखीची आहेत! चषकाची हाव वाढली की वयचोरीही वाढते. फुटबॉलच्या जागतिक संघटनेला २००९ पासून १७ वर्षांखालील विश्वचषकात मुलांच्या मनगटाची चुंबकीय तपासणी करावी लागली, ती काय उगाच?

याचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या कुस्तीने ते केव्हाच दिले आहे. गावच्या जत्रेत लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागतात. पोराचे वय, वजन, ताकद नजरेने जोखून जाणती माणसे जोड लावतात. पडलेला पोर अंगावरची माती झटकतो आणि पुन्हा तालमीत जातो. तालमीत तर रोजचा जोर असतो. तेथे थोरला पैलवान धाकट्याला खेळवतो, त्याला डाव करू देतो. चांगला वस्ताद पठ्ठ्याची तयारी पाहिल्याशिवाय त्याला मोठ्या कुस्तीला उभा करीत नाही. आधी रेवडी, मग नारळ, मग इनाम आणि शेवटी खासबागेचे मैदान, असा हा चढता जिना आहे. फुटबॉल, कबड्डी, हॉकी खेळणाऱ्या आपल्या मुलांना मात्र आपण पहिल्या पायरीवरच खासबागेत उभे करतो.

खाशाबा जाधवांचे उदाहरण तर आपल्या घरचेच आहे. गोळेश्वरचा हा मल्ल राजाराम कॉलेजचा विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो सहावा आला. चषकाच्या हिशेबाने पाहिले तर तो हरला होता. परंतु मातीत वाढलेल्या या पैलवानाला तेथे गादीवरच्या कुस्तीची ओळख झाली आणि चार वर्षांनी, १९५२ साली हेलसिंकीत त्याने कांस्यपदक मिळविले. त्याच्या खर्चासाठी प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले, ही हकीकत आपण अभिमानाने सांगतो. पण हे पैसे सहावा आलेल्या खेळाडूसाठी उभे केले होते, हे सांगायला विसरतो. पुढे राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २००९ साली शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला. त्याचे ऑलिंपिक पदक आले २०२४ साली, पॅरिसमध्ये. मधली पंधरा वर्षे कोणीतरी धीर धरला होता.

यावर कोणी म्हणेल, “हे सारे ठीक आहे, पण दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळतात, शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. ते स्पर्धेची पातळी आणि क्रमांक पाहूनच मिळते. गरिबाच्या पोराने जिंकायचे नाही तर काय करायचे?” हा आक्षेप खरा आहे आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. रिक्षा चालवणाऱ्या किंवा शेतमजुरी करणाऱ्या बापाला मुलाच्या प्रमाणपत्राची आशा वाटणे स्वाभाविक आहे. म्हणूनच मी स्पर्धा बंद करा असे म्हणत नाही. १७ आणि १९ वर्षांखालील गटांत जिंकण्यासाठी खुशाल जिवाचे रान करावे. पण त्या वयापर्यंत मुलगा मैदानात टिकला तर! चौदाव्या वर्षीच बाकावर बसून कंटाळलेल्या पोराला कसले गुण आणि कसले आरक्षण?

नॉर्वे या चिमुकल्या देशात मुले अकरा वर्षांची होईपर्यंत त्यांच्या स्पर्धांचे गुणतक्ते मांडत नाहीत आणि तेरा वर्षांआधी राष्ट्रीय अजिंक्यपद खेळवत नाहीत. त्याच देशाने २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये ३९ पदके मिळवून साऱ्या जगाला मागे टाकले. लहानपणी जिंकण्याची घाई केली नाही म्हणून मोठेपणी कोणी हरत नाही, एवढे तरी यावरून दिसते.

आपल्याला काय करता येईल? १४ वर्षांखालील गटात ३२ संघांचे चार-चारांचे आठ गट पाडावेत. मग प्रत्येक संघाला निदान तीन सामने मिळतील. ३१ ऐवजी गटाचे ४८ आणि बाद फेरीचे ७, असे ५५ सामने होतील. मैदाने अपुरी असतील तर अर्ध्या मैदानावर सात-सात जणांचे संघ खेळवावेत. यादीत नाव असलेल्या प्रत्येक मुलाला निदान अर्धा सामना खेळवण्याचे बंधन घालावे. आणि शाळेच्या अहवालात किती चषक आले याच्या शेजारी आणखी एक आकडा छापावा: पाचवीत मैदानावर आलेल्या मुलांपैकी दहावीत किती उरली?

याला शासनाचा मोठा निधी लागत नाही. थोडी मैदाने, थोडे अधिक दिवस आणि पालकांचा, शिक्षकांचा धीर एवढे पुरे आहे. आपल्यापैकी अनेकजण उद्या शिक्षक होतील, काही तालमींचे कार्यकर्ते होतील, बहुतेक सारे पालक होतील. त्या वेळी मैदानाच्या कडेला उभे राहून “जिंकलास का?” असे विचारण्याआधी “आज किती वेळ खेळलास?” असे विचारण्याची सवय आपण लावून घेतली, तरी पुष्कळ झाले.