नो-लोडचा आकडा पुरेसा नाही

छोटी डीसी मोटर दुरुस्त झाली की आपल्याकडे काय होते, ते सगळ्यांना ठाऊक आहे. बारा व्होल्टच्या बॅटरीला दोन वायरी टेकवायच्या, आवाज ऐकायचा, जवळ टॅकोमीटर असेल तर आरपीएम बघायचा आणि गिऱ्हाइकाच्या हातात जॉब द्यायचा. फवारणी पंपाची मोटर असो, वायपरची असो किंवा पॉलिटेक्निकच्या पोरांच्या रोबोची असो, तपासणी इथेच संपते. या अंकाच्या निमित्ताने वाचकांना एकच गोष्ट आग्रहाने सांगायची आहे: मोकळी फिरणारी मोटर स्वतःबद्दल फारसे खरे बोलत नाही. तिच्यावर लोड टाकून टॉर्क मोजा. त्यासाठी लागणारा डायनामोमीटर, म्हणजेच डायनो, कोल्हापुरातल्या कोणत्याही बऱ्या लेथवर तयार होऊ शकतो.

ही गोष्ट सर्वांत चिकाटीने ज्यांनी लावून धरली, ते लोक कारखानदार नव्हते, स्लॉट कारचे छंदिष्ट होते. स्लॉट कार म्हणजे खाचेच्या ट्रॅकवर धावणारी हातभर लांबीपेक्षाही लहान, विजेवरची शर्यतीची गाडी. गाडीच्या पुढच्या बाजूची खुंटी खाचेत बसते, खाचेच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांतून वीज मिळते आणि हातातल्या कंट्रोलरने वेग कमीजास्त होतो. ब्रिटनमध्ये फ्रेड फ्रान्सिस यांनी १९५७ मध्ये 'स्कॅलेक्स्ट्रिक' बाजारात आणली आणि साठच्या दशकात अमेरिकेत या खेळाचे वेड पसरले. जपानच्या माबुची कंपनीच्या छोट्या मोटरी घराघरांत पोचल्या, त्यात या खेळाचाही वाटा आहे. एका वळणावर गाडी दोन बोटे मागे पडली तरी शर्यत जाते, म्हणून या मंडळींना मोटरमधला बारीक फरक मोजणे भाग पडले. आर्मेचर, कार्बन, मॅग्नेट, कम्युटेटरचा कोन यांतले काय बदलले की नेमके काय होते, हे त्यांनी टेबलावरच्या डायनोवर शोधले. आपल्या वाइंडिंगवाल्यांना हे ज्ञान जसेच्या तसे उपयोगी आहे, कारण खेळण्यातली असो वा पंपातली, कार्बनवर चालणाऱ्या मोटरचे गणित एकच असते.

आणि कोल्हापूरला डायनामोमीटर नवा नाही. शेतीपंपाच्या ऑइल इंजिनांवर शिवाजी उद्यमनगर उभे राहिले. इंजिन बाहेर पडण्याआधी ब्रेक ड्रमवर दोर गुंडाळून, एका टोकाला वजने आणि दुसऱ्या टोकाला ताणकाटा लावून त्याची ताकद मोजण्याची पद्धत इथल्या मेस्त्रींच्या अंगवळणी पडलेली होती. फ्रेंच इंजिनिअर प्रोनी यांनी १८२१ च्या सुमारास घर्षणाचा ब्रेक वापरून ताकद मोजली, विल्यम फ्राउड यांनी १८७७ मध्ये जहाजांच्या इंजिनांसाठी पाण्याचा डायनामोमीटर केला. आज मोठ्या इंजिनांसाठी एडी करंटचे डायनो आहेत, पुण्यात १९६६ पासून एआरएआयसारखी वाहनचाचणी संस्था आहे. पण तत्त्व दोरीच्या ब्रेकचेच: बल गुणिले त्रिज्या म्हणजे टॉर्क, आणि टॉर्क गुणिले वेग म्हणजे पॉवर. १५०० आरपीएमच्या पाच एचपी इंजिनाला २० सेंटीमीटर त्रिज्येच्या ड्रमवर साधारण १२ किलोचा निव्वळ ताण धरावा लागतो. स्लॉट कारच्या मोटरीला १ सेंटीमीटर त्रिज्येच्या पुलीवर १०० ग्रॅम. सूत्र तेच आहे, काटा तेवढा लहान घ्यायचा.

मग दोरीचाच ब्रेक लहान करून का वापरू नये? वापरता येतो, आणि शाळेतल्या मुलांना शिकवायला तो उत्तमच. पण २०,००० आरपीएमच्या मोटरीवर त्याची दमछाक होते. दहा वॅट उष्णता बोटाएवढ्या पुलीवर साचते, सुती दोरा करपतो, घर्षण क्षणाक्षणाला बदलते आणि काट्याचा आकडा थरथरत राहतो. एक वाचन घेईपर्यंत मोटर तापते आणि पुढचे वाचन वेगळ्याच मोटरीचे असल्यासारखे येते.

याला उत्तर म्हणजे फ्लायव्हील. ब्रेक लावायचाच नाही. माहीत असलेल्या वजनाची आणि व्यासाची चकती मोटरीने थांबलेल्या स्थितीतून फिरवायची आणि तिचा वेग किती झपाट्याने वाढतो ते नोंदवायचे. चकतीचे जडत्व गुणिले कोनीय त्वरण म्हणजे टॉर्क. एका दौडीत शून्यापासून पूर्ण वेगापर्यंतचा अख्खा आलेख मिळतो आणि मोटर फार तापतही नाही.

आकड्यांत सांगतो. ४० मिलिमीटर व्यासाची, १० मिलिमीटर जाडीची पोलादी चकती घ्या. तिचे वजन भरते ९९ ग्रॅमच्या आसपास. समजा मोटर १२ व्होल्टला मोकळी २०,००० आरपीएम फिरते आणि रोखून धरली तर २०० ग्रॅम-सेंटीमीटर टॉर्क देते. अशी मोटर या चकतीचा वेग सुरुवातीला सेकंदाला सुमारे ९,५०० आरपीएमने वाढवते, दीड सेकंदात १०,००० ला पोचवते, आणि तिथे वाढीचा दर बरोबर निम्म्यावर आलेला असतो. पूर्ण वेगाच्या जवळ जायला सहा सेकंद पुरतात. सर्वांत जास्त पॉवर त्या १०,००० आरपीएमच्या आसपासच मिळते, सुमारे १० वॅट. चकतीवर एक खूण, समोर ऑप्टिकल किंवा हॉल सेन्सर, प्रत्येक फेरीची वेळ नोंदवणारा आर्डुइनो: एवढ्या सामानात भागते. पूर्ण वेगाला सेकंदाला ३३३ फेऱ्या होतात, त्या मोजणे आर्डुइनोला जड नाही.

कौशल्य लागते ते चकतीत. या वर्गातल्या मोटरींचा शाफ्ट २ मिलिमीटरचा असतो. त्यावर ९९ ग्रॅमची चकती थेट ठोकली तर बुश आठवड्यात ढिले होतील आणि चकती जराशी वाकडी बसली तरी सगळे टेबल गुणगुणेल. चकतीला स्वतःचा शाफ्ट द्या, दोन छोट्या बॉल बेअरिंगवर बसवा आणि मोटरीशी सिलिकॉन नळीच्या तुकड्याने जोडा. भोक पाडून झाले की चकती त्याच शाफ्टवर, त्याच सेटिंगमध्ये बाहेरून टर्न करा. मग बॅलन्सिंगचा निम्मा त्रास उरत नाही. आणि वरून जाड पत्र्याचे झाकण हवेच. २०,००० आरपीएमला या चकतीची कड ताशी १५० किलोमीटरने धावत असते. झाकणाशिवाय दौड घ्यायची नाही, हा नियम मास्तरांनी लॅबमध्ये आणि मालकांनी वर्कशॉपमध्ये पहिल्या दिवसापासून पाळावा.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. नो-लोड आरपीएमवर विसंबले तर बिघडलेली मोटर सरस ठरते.

मोटर एकदा अति तापली, किंवा काढघालीत मॅग्नेटला दणका बसला, की मॅग्नेटची ताकद उतरू शकते. समजा ती १५ टक्क्यांनी उतरली. तर मोकळा वेग कमी होत नाही, वाढतो: २०,००० चा जवळपास २३,५०० होतो. टॅकोमीटर धरणारा माणूस म्हणणार, मोटर छान खुलली. आवाजही चढा येतो. प्रत्यक्षात तिचा रोखलेला टॉर्क २०० वरून १७० वर आलेला असतो आणि तेवढाच टॉर्क द्यायला ती १८ टक्के जास्त करंट ओढते. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे त्याच कामाला आर्मेचरमध्ये ३८ टक्के जास्त उष्णता. ती उष्णता पुन्हा मॅग्नेटवर जाते.

याहून बारीक गोष्ट अशी की कमाल पॉवरचा एकटा आकडासुद्धा इथे फसवतो. घर्षण बाजूला ठेवले तर कमाल पॉवर व्होल्टेज आणि वाइंडिंगच्या रेझिस्टन्सवर ठरते, मॅग्नेटवर नाही. दोन्ही मोटरी तोच १० वॅटचा आकडा दाखवतील. फरक दिसतो तो आलेखात. सुमारे ९२ ग्रॅम-सेंटीमीटरच्या खालच्या लोडला कमजोर मॅग्नेटची मोटर पुढे असते, त्याच्या वर मागे पडते. शर्यतीतल्या माणसासाठी याचा अर्थ असा की सरळ पट्टीवर गाडी पळेल आणि वळणातून उठताना मार खाईल, पिनियन बदलले तर गणित पुन्हा फिरेल. पंपवाल्यासाठी अर्थ वेगळा आहे. बाकावर मोटर जोरात फिरली, पण शेतात नोझलपुढे दाब तयार झाला की ती जास्त करंट खाणार, बॅटरी लवकर उतरणार, आणि ऊसवाला शेतकरी बॅटरीला शिव्या देणार. दोष बॅटरीचा नसतो. आपल्या बाकावर मोटर पास करणाऱ्या तपासणीचा असतो.

म्हणून वाचन घेताना सोबतची परिस्थिती लिहिणे सक्तीचे धरा. तापमान पहिले. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो, फेराइट मॅग्नेटची ताकद दर अंशाला साधारण ०.२ टक्के उतरते. मोटर ६० अंशांनी तापली की रोखलेला टॉर्क २०० वरून १४२ च्या आसपास येतो, मोटर तीच. गार झाली की फेराइटची ही घट भरून येते. पण साध्या ग्रेडचा निओडिमियम मॅग्नेट ८० अंशांच्या वर गेला तर घट कायमची राहू शकते. दुसरे, व्होल्टेज मोटरीच्या टर्मिनलवर मोजा, सप्लायच्या डब्यावर नाही. वायरी आणि क्लिपांत ०.२ ओहम असले तरी सुरुवातीच्या ३.४ अँपिअरला पाऊण व्होल्टच्या जवळपास वाटेतच जातो. बेंच सप्लायची करंट लिमिट ३ अँपिअरला लावलेली असेल तर आलेखाची सुरुवातच खोटी येते, आणि हे लक्षात यायला फार वेळ लागतो. तिसरे, कार्बन बसलेले आहेत का. नवे कार्बन कम्युटेटरवर कडेनेच टेकतात. कमी व्होल्टेजवर मोटर मोकळी चालवून त्यांना गोलाई येऊ द्या, मगच दौड घ्या.

फ्लायव्हीलवर आणखी एक चाचणी फुकटात मिळते आणि ती फारसे कोणी करत नाही. पूर्ण वेगाला पोचल्यावर सप्लाय तोडा, वायरी मोकळ्या ठेवा आणि चकती थांबेपर्यंत नोंद घ्या. या उतरणीतून बेअरिंग, बुश, कार्बन आणि हवेचे घर्षण कळते. दुसऱ्यांदा सप्लाय तोडताच मोटरीच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडा. आता मोटर जनरेटर होऊन स्वतःलाच रोखते. स्लॉट कारचा ब्रेक असाच असतो: ट्रिगर सोडला की मोटर शॉर्ट होते. मॅग्नेट चांगला असेल तर चकती पटकन थांबते, उतरलेला असेल तर रेंगाळते. गॉसमीटर नसलेल्या वर्कशॉपला मॅग्नेटची पारख करायला यापेक्षा सोपी आणि विश्वासार्ह रीत मला माहीत नाही.

डायनोचा आकडा म्हणजे शर्यतीचा निकाल नव्हे, हेही खरे. टायर, वजन, गिअर, चालवणाऱ्याचा हात, सगळे उरतेच. पण जिथे सर्वांना सारखीच यंत्रे द्यायची असतात तिथे डायनो न्यायाचे काम करतो. स्लॉट कारच्या अनेक स्पर्धांत आयोजकच मोटरी वाटतात. कार्टिंगमध्ये रोटॅक्स मॅक्स मालिकेची इंजिने सीलबंद असतात. मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकमुळे राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या पाहिलेल्या कोल्हापूरकरांना हे वेगळे सांगायला नको. आपल्या कॉलेजांनी रोबोच्या किंवा छोट्या गाड्यांच्या स्पर्धा भरवताना मोटरी डायनोवरून जुळवून वाटल्या, तर हरलेल्या संघाला मोटरीकडे बोट दाखवायला जागा राहणार नाही.

दोन वेगळ्या डायनोंवरचे आकडे मात्र घाईने शेजारी मांडू नका. चकतीच्या जडत्वात, कपलिंगमध्ये आणि सेन्सरच्या हिशोबात फरक असतो. एक चांगली मोटर 'संदर्भ मोटर' म्हणून बाजूला काढा, तिचा दुसरा कोणताही उपयोग करू नका, आणि प्रत्येक दिवशी काम सुरू करताना तिचीच एक दौड घ्या. तिचा आलेख कालच्यासारखा आला तर पुढे जा. वेगळा आला तर आधी डायनो तपासा.

गोकुळ शिरगाव, शिरोली, उद्यमनगर इथल्या टर्नर आणि वाइंडर मित्रांना, तसेच पॉलिटेक्निक आणि इंजिनिअरिंगच्या लॅबमधल्या शिक्षकांना आमची विनंती आहे. या अंकात दिलेल्या मापांची चकती करून बघा. तुमच्याकडे दुरुस्तीला आलेल्या फवारणी पंपाच्या मोटरीची रिवाइंडिंगपूर्वी आणि नंतरची दौड घ्या, वायरी शॉर्ट करून उतरणीची नोंद करा, आणि खोलीचे तापमान, टर्मिनलवरचे व्होल्टेज व कार्बनची स्थिती यांसह आलेख आम्हाला पाठवा. सर्व माहितीसह आलेले आलेख आम्ही तयार करणाऱ्याच्या नावाने छापू. नुसता आरपीएमचा आकडा आला तर तो छापणार नाही.