ग्रॅज्युएट होऊन शेवटी शिपाईच?

हा प्रश्न गेल्या वर्षभरात मी निदान दहा वेळा तरी ऐकलाय. मला कोणी विचारलेला नाही, विचारतात ते माझ्या ताईला. पण डोकं माझं फिरतं, म्हणून आज एकदाचं लिहून टाकतो.

ताजा प्रसंग चंद्रपूरचा. नात्यातलं लग्न होतं. अक्षता पडल्या, जेवणं सुरू झाली. आमचे एक लांबचे काका ताट घेऊन ताईजवळ आले.

"काऊन वो ताई, पोरगा काय करून राह्यला सध्या?"

"पोलिसात लागला ना काका. गडचिरोलीले."

"अरे वा! फौजदार?"

"नाही. शिपाई."

काकांचा चेहरा असा पडला, जणू ताईने मुलगा तुरुंगात आहे असं सांगितलं. "एम. ए. होता ना वो तो? ग्रॅज्युएट होऊन शेवटी शिपाईच?" एवढं बोलून ते वड्यांच्या दिशेने निघून गेले. ताई ताटातला भात चिवडत राहिली.

खरी गंमत पुढे आहे. अर्ध्या तासाने याच काकांनी मला मांडवाच्या कोपऱ्यात गाठलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आमचा लहानाही भरतीची तयारी करून राह्यला. तुह्या भाच्याले विचार ना, गोळाफेकीचे मार्क कसे वाढते?"

म्हणजे दुसऱ्याचा मुलगा लागला तर 'शेवटी शिपाईच', आणि आपला लागावा म्हणून नवस! काकांवर माझा राग नाही. आपण सगळेच थोडेफार काका आहोत. राग आहे तो त्या वाक्यावर. त्यात दोन अपमान एकत्र बांधलेत. 'शिपाईच' मधल्या 'च' मध्ये पोलिसाचा, आणि 'ग्रॅज्युएट होऊन' मध्ये शिक्षणाचा. पहिला सगळ्यांना दिसतो, दुसरा कोणाच्या लक्षात येत नाही.

आधी पहिल्याबद्दल बोलू.

पोलिसाला आपण काय काय म्हणतो ते आठवा. मामा, पांडू, हवालदारछाप. (आमच्या घरात तर मजाच आहे. भाचा मला मामा म्हणतो आणि रस्त्यावरचे लोक त्याला!) लहान मुलाने जेवायचं नाकारलं की आपण 'पोलिसाला बोलावू का?' म्हणून दटावतो. मग हेच मूल मोठं होऊन पोलिसाला घाबरलं किंवा त्याच्यावर चिडलं तर त्यात नवल ते काय?

पण मी पोलिसांचा वकील म्हणून बसलेलो नाही. ही भीती हवेतून आलेली नाही, हे मला घरातूनच माहीत आहे. ताईचं सासर वडशाचं. कागदोपत्री देसाईगंज. २६ मार्च १९७२ च्या रात्री याच देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला झाला. तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता, वडसा चंद्रपूर जिल्ह्यात होतं. सगळा देश हे प्रकरण 'मथुरा खटला' म्हणून ओळखतो. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना सोडलं. १९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, असं त्यामागचं कारण!

ताईच्या सासूबाई तेव्हा वडशातच होत्या. त्या शेवटपर्यंत पोलीस स्टेशनसमोरून जायची वेळ आली की पदर डोक्यावर ओढून रस्त्याची पलीकडची बाजू धरायच्या. त्यांना कोणी 'पोलीस आपले मित्र' वगैरे सांगायला गेलं असतं, तर माझी तरी त्यांच्या नजरेला नजर द्यायची हिंमत झाली नसती.

पण याच खटल्यात पदवीची गोष्टही आहे, ती नीट बघा. ज्यांनी ती शिक्षा रद्द केली ते देशातले सर्वात शिकलेले, कायदा कोळून प्यायलेले लोक होते. आणि १९७९ मध्ये त्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांना ज्यांनी खुलं पत्र लिहिलं, ते उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर, हे चौघेही कायद्याचे प्राध्यापक. त्या पत्रातून आंदोलन उभं राहिलं आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. पदव्या दोन्हीकडे होत्या. एकीकडच्या पदवीला त्या मुलीची भीती दिसली नाही, दुसरीकडच्या पदवीला दिसली. पदवीची किंमत काय, या प्रश्नाचं याहून सरळ उत्तर मला तरी माहीत नाही. कागद सारखाच असतो. तो हातात घेऊन माणूस कोणाच्या बाजूला उभा राहतो, यावर त्याची किंमत ठरते.

आता खाकीची दुसरी बाजू.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरच्या हल्ल्यात तुकाराम ओंबळे गेले. हातात काठी घेऊन त्यांनी कसाबला धरलं, हे पोराटोरांना ठाऊक आहे, आणि ते योग्यच आहे. पण पुढच्याच वर्षी आमच्याकडे काय झालं, ते विचारून बघा कोणाला. १ फेब्रुवारी २००९, मरकेगाव, १५ पोलीस. २१ मे २००९, हत्तीगोटा, १६ पोलीस, त्यात पाच महिला. ८ ऑक्टोबर २००९, लाहेरी, १७ पोलीस. विधानसभेच्या मतदानाला तेव्हा पाच दिवस राहिले होते. तीन घटनांत ४८ माणसं! यातलं एक तरी नाव आपल्यापैकी कोणाला सांगता येईल? मलाही येत नाही. लाज वाटते, पण येत नाही. २०१९ च्या महाराष्ट्र दिनी जांभुळखेड्याला सुरुंगाच्या स्फोटात १५ जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक गेला. तेव्हा दोन दिवस सगळ्यांच्या स्टेटसवर मेणबत्त्या होत्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा 'मामा'.

आणि हे जाणारे कोण असतात? १९९० मध्ये सी-६० पथक उभं राहिलं ते इथल्याच पोरांचं. भाषा इथली, पायवाटा ओळखीच्या. पलीकडे बंदूक घेऊन उभी असलेली बरीच पोरंही अशाच गावांतली. आणि 'खबऱ्या' म्हणून रात्री घरातून उचलून मारले गेलेलेही याच गावांतले. नागपूर-मुंबईत बसून यावर मतं मांडणाऱ्या, मतं वाचणाऱ्या (आणि माझ्यासारख्या ती लिहिणाऱ्या) लोकांच्या पोरांपैकी त्यात फार कोणी नसतं.

शिव्या देताना आपण आणखी एक गोष्ट सोयीस्कर विसरतो. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ ला दारूबंदी झाली आणि २०२१ मध्ये उठली. मधली वर्षं आठवतात? बंदी हवी म्हणून मोर्चे निघाले, ते योग्यच होतं. पण संध्याकाळी मागच्या दाराने बाटली घेणारेही आपल्यातलेच होते, आणि ती बाटली रिचवून 'पोलीस हप्ते खातात हो' म्हणणारेही तेच! हप्ते खाणारे नव्हते असं मी म्हणत नाही. पण त्याच काळात, २०१८ मध्ये, नागभीड भागात दारूतस्करांची गाडी अडवायला गेलेला एक उपनिरीक्षक त्याच गाडीखाली चिरडून मेला. पैसे चारणारा हात आपला, मरणारा माणूस त्यांचा, आणि बदनाम सगळं खातं.

असो. आता त्या वाक्यातल्या दुसऱ्या अपमानाकडे येतो, आणि इथे मला आधी स्वतःचा कान धरायचा आहे.

भाच्याने शिपाई भरतीचा फॉर्म भरला तेव्हा पहिलं वाक्य मीच बोललो होतो. "अरे, बारावीवर मिळणाऱ्या नोकरीसाठी एम. ए. कशाला केलंस?"

तो शांतपणे म्हणाला, "मामा, एम. ए. वर मिळणाऱ्या नोकरीची जाहिरात दाखवा. उद्या फॉर्म भरतो."

मी इंजिनियर. पुण्यात बऱ्यापैकी पगार घेतो. माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं.

२०२४ च्या भरतीत राज्यात १७,४७१ जागा होत्या आणि अर्ज आले १७ लाखांच्या वर. म्हणजे एका जागेला शंभर जण! अट बारावीची, पण रांगेत इंजिनियर, वकील, एम. बी. ए. सगळे. मूल रोडला पहाटे साडेचारला जाऊन बघा. वाघ-बिबट्याची भीती असतानाही पोरं-पोरी सोळाशे आणि आठशे मीटरचा सराव करत असतात. त्यातल्या कितींच्या घरी पदवीचं प्रमाणपत्र लॅमिनेट करून ठेवलेलं असेल?

गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये गडचिरोलीला झालं तेव्हा आम्हाला कोण आनंद झाला होता! त्याआधी दोन्ही जिल्ह्यांची कॉलेजं नागपूर विद्यापीठाला जोडलेली, साध्या मार्कशीटसाठी नागपूरची एसटी पकडावी लागायची. विद्यापीठ घराजवळ आलं ही चांगलीच गोष्ट झाली. पण पदवी जवळ आली आणि काम होतं तिथेच राहिलं. भाच्याच्या कॉलेजात (नाव कशाला घेऊ?) अर्धे विषय तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांनी शिकवले. त्या बिचाऱ्यांना स्वतःचेच पैसे कधी मिळतील याचा भरवसा नव्हता. बाकीचं गाईडने शिकवलं. आणि त्याच्या जोडीला आपण नातेवाईक मंडळी बाहेरून एकच घोषा लावत होतो, 'शिक, म्हणजे साहेब होशील.'

इथेच आपण फसवलं या पोरांना. शिकल्याने शहाणा होशील, कोणी फसवू शकणार नाही, चार लोकांच्या उपयोगी पडशील, असं कोणी म्हटलंच नाही. साहेब होशील, एवढंच. साहेबाच्या खुर्च्या मोजक्या, त्यामुळे उरलेले सगळे आपल्या हिशेबात नापास. मग तो शिपाई झाला की आपण म्हणतो पदवी वाया गेली. म्हणजे आपल्या लेखी शिक्षणाचा उपयोग एकच, हाताखाली माणसं मिळवणं. शिक्षणाचा याहून मोठा अपमान कुठला?

पदवी वाया गेली का, ते भाच्याकडून ऐका. तो एटापल्ली तालुक्यातल्या एका पोलीस मदत केंद्रात आहे. पावसाळ्यात ताईचा आणि त्याचा फोन लागला तर लागला. तिथे 'पोलीस दादालोरा खिडकी' म्हणून एक सोय आहे, म्हणजे पोलीसदादाची खिडकी. आधार, जातीचा दाखला, सातबारा, निराधार योजनेचा अर्ज, जे काही असेल ते लोक तिथे घेऊन येतात. तिथे भाचा फॉर्म भरतो. गडचिरोलीच्या भरतीत गोंडी-माडियाचा वेगळा पेपर असतो, त्यासाठी शिकलेली भाषा आता उपयोगी पडते. त्याची माडिया ऐकून म्हाताऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसतात म्हणे. हसतात, पण आपलं काम सांगतात! सासूबाईंना हे कोणी सांगितलं असतं तर पटलं असतं का, कोण जाणे.

आणि फॉर्म सोडा. खेड्यातला माणूस तक्रार घेऊन येतो तेव्हा त्याच्यासमोर बसलेला पहिला सरकारी माणूस शिपाईच असतो. तक्रार ऐकायची की हाकलून द्यायचं, तो काय बोलला ते त्याच्याच शब्दांत उतरवायचं की आपल्या सोयीने, पंचनाम्यात वेळ आणि जागा नीट लिहायची की नाही, हे तिथे ठरतं. पुढे जिल्हा न्यायालयापासून दिल्लीपर्यंत सगळे मोठे लोक तोच कागद वाचतात. १ जुलै २०२४ पासून तर दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, सगळी कलमं नव्याने शिकावी लागली. असल्या कामाला वाचणारा, लिहिणारा, विचार करणारा माणूस मिळाला तर 'शेवटी शिपाईच' म्हणायचं, की नशीब म्हणायचं?

एम. ए. झालेला प्रत्येक शिपाई देवमाणूस असेल असं मुळीच नाही. शिकलेला लाचखाऊ जास्त सफाईने खातो, हे मलाही कळतं. म्हणून तर म्हणतो, त्याला मापायचं असेल तर त्याच्या वागण्याने मापा. तक्रारदाराला तो बस म्हणतो का, ते बघा. चुकला तर कान धरा, जोरात धरा, तो आपला हक्कच आहे. पण त्याच्या खांद्यावर किती फिती आणि भिंतीवर किती प्रमाणपत्रं, यावरून त्याची किंमत करू नका.

१५ ऑक्टोबर २०२५ ला भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं टाकून आला. त्या दिवशी ताईने देवापुढे नारळ फोडला आणि मला फोन केला. राजकारण वगैरे काही नाही, एकच वाक्य. "आता तरी टीव्ही सुरू करायची भीती नाही वाटणार ना रे?"

तर काका, तुम्ही किंवा तुमची सून हे वाचत असाल तर सांगतो. गोळाफेकीचं मी भाच्याला विचारलंय. तो म्हणतो, हाताने नाही, पायाने आणि कमरेने जोर लावायचा, आणि रोज करायचं. तुमचा लहाना लागू दे, मी स्वतः पेढे घेऊन येईन. फक्त त्या दिवशी मांडवात कोणी 'शेवटी शिपाईच' म्हणालं, तर वड्यांकडे जाऊ नका. तिथेच थांबा आणि त्याला उत्तर द्या.