गुडघे जुळतात म्हणून आईला बोल लावू नका

तीन-चार वर्षांचे मूल उभे राहिले की गुडघे एकमेकांना टेकतात आणि घोटे लांब राहतात. हे दिसले की वस्तीत बोलणे सुरू होते : आईने कडेवर नीट घेतले नाही, मालिश केली नाही. मुलगी असेल तर लग्नाची काळजी तेव्हापासूनच! आमच्या मते आईला बोल लावणे आधी बंद झाले पाहिजे. कारण यातले काहीच खरे नाही.

जन्मतः बाळाचे पाय बाहेर वाकलेले असतात. दोन वर्षांच्या आसपास ते सरळ होतात, मग आत झुकतात. हा झुकाव तीन-चार वर्षांच्या सुमारास सर्वांत जास्त दिसतो आणि सात-आठ वर्षांपर्यंत बहुतेक मुलांत आपोआप जातो. खास बूट, पट्टे, गंडेदोरे यांवर रोजंदारीचा पैसा घालवू नये. त्याने हाड सरळ होत नाही.

मात्र एकच पाय वाकडा असेल, मूल लंगडत असेल, पाय दुखत असतील, उंची खुंटली असेल, मनगटे रुंद दिसत असतील, सात वर्षांनंतरही वाक वाढत असेल, किंवा गुडघे जुळवल्यावर घोट्यांत 8 सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर राहत असेल, तर डॉक्टरांना दाखवावेच. मुडदूस असू शकतो. ड जीवनसत्त्व किंवा कॅल्शियम कमी पडले की वाढते हाड मऊ राहते आणि वजनाने वाकते. रक्ततपासणी व एक्स-रेने ते कळते, औषधाने बरेही होते. पण ड जीवनसत्त्वाची औषधे मनाने देऊ नयेत, जास्त झाली तर अपाय करतात. नाचणीची भाकरी, सुकट, जमेल तेव्हा अंडे मात्र घरात असू द्यावे.

आता उन्हाचे. पत्र्याला पत्रा लागलेल्या गल्लीत ऊन येणार कुठून? सावळ्या त्वचेला तर ते जास्त वेळ लागते. सकाळी सातचे कोवळे ऊन चांगले, असे आपण मानतो. पण ड जीवनसत्त्व बनवणारे किरण ऊन वर आल्यावरच पुरेसे मिळतात. विहारासमोरचे पटांगण मोटारसायकलींनी भरलेले असते. सकाळी दहा ते अकरा ते लहान मुलांसाठी मोकळे ठेवावे, असे आम्ही विहार समित्यांना सुचवतो. उन्हाळ्यात वेळ कमी करावी.

2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मोफत तपासणीला येतात. मुडदूस त्यांच्या यादीत आहे. पथक कधी येणार हे अंगणवाडीताईंना विचारून ठेवा, त्या दिवशी रजा पडली तरी चालेल, आणि मुलाला डॉक्टरांसमोर चालायला लावा.